माग

शाळेचं वाचनालय म्हणजे
हेडमास्तरांच्या खोलीतलं एक लोखंडी कपाट.
चावी माझ्याकडे आली ती यादीवर सही करून:
पुस्तकं तीनशे बारा, त्यांतली वाळवी लागलेली नऊ,
पृथ्वीचा गोल एक, आस मोडलेला.

तांडापेठेतली शनिवारची सकाळची शाळा.
चौथीची पोरं व्हरांड्यात,
प्रत्येकाच्या छातीशी पुठ्ठ्यावरचं एक अक्षर.
म्हटलं, शब्दकोशासारखे उभे राहा.
अक्षरं छत्तीस, पोरं चौतीस;
ङ आणि ञ उरले,
ते मी दोन्ही हातांत धरले.
ळ कुठं उभा राहणार यावरून धक्काबुक्की झाली,
आणि ज्ञ झालेला सुजात गेडाम
पार शेवटी, पाण्याच्या टाकीला टेकून म्हणाला,
"बाई, मले शोधाले इतल्या दूर कोन येईन?"

मग सांगितलं, एकेक प्रश्न आणा,
ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही.
मलाही माहीत नसलं तर अजून बरं.

हिमानी हेडाऊनं आणला खड्डा.
"आमच्या घरी खोलीच्या मधात खड्डा हाय.
त्याच्यावर फळी हाय, फळीवर सिलेंडर.
तो खड्डा कायचा?"

ख काढला.
खड्डा: जमिनीतील खोलगट जागा.
"हे तर मलेबी मालूम होतं."
खरंच होतं. कोशाचा दोष नव्हता,
आम्ही दार चुकलो होतो.
म्हटलं, त्या खड्ड्याला घरातले काय म्हणतात
ते विचारून ये.

सोमवारी ती शब्द घेऊन आली,
मुठीत काजवा आणावा तसा.
म. मग मा.
पान उलटताना बोट ओलं करायचं नाही,
हा नियम ती दोनदा विसरली.

माग: एक, कापड विणण्याचं साधन.
दोन, पाऊलखूण; शोध.

"बाई, दोन्हीले एकच शब्द?"
डी.एड.ला शिकलेलं काहीच
त्या क्षणी कामाला आलं नाही.
शब्द सापडला की थांबायचं, असं शिकवलं होतं,
पण तिचं बोट खाली सरकतच राहिलं,
मागचा, मागणी,
मागास,
मागोवा.

गृहोद्योगांवरचं एक पातळ पुस्तक निघालं.
शेवटी सूची, सूचीत हातमाग, पान सेहेचाळीस:
'नागपूर शहरात घरोघरी खड्डामाग चालतात.'
हिमानीनं वही मिटली.
"खोटं हाय."
तिनं आदल्या संध्याकाळी गल्ली मोजली होती.
घरं एकोणतीस. खड्डे सहा,
त्यांतल्या एकात कोंबडी अंड्यांवर.
चालू माग, शून्य.

मी पुस्तकाचं पहिलं पान उघडलं,
अगदी खाली, मुंगीएवढ्या टायपात: १९६३.
पुस्तक खोटं बोलत नव्हतं गं,
ते आपल्या सालात उभं राहून बोलत होतं.
त्या दिवसापासून वर्ग आधी साल बघतो.
भूगोलाच्या पुस्तकाचं, कॅलेंडरचं,
कोणी तरी माझंही विचारलं.

तिचा कागद आला पंधरा दिवसांनी.
चित्र, धोट्याचं, जरा माशासारखं झालेलं.
खाली ठळक अक्षरात: माहिती कुठून मिळाली.
शब्दकोश, मोठा, फाटका.
पातळ पुस्तक, पान सेहेचाळीस, जुनं.
आजोबा, शंकर हेडाऊ, वय सांगत नाहीत,
रविवारी दुपारी,
सिलेंडर सरकवून, खड्ड्यात पाय सोडून बसले तेव्हा.

पुस्तकात सुटे कागद ठेवू नयेत,
असं कपाटाच्या दारावर माझ्याच अक्षरात चिकटवलेलं आहे.
तो कागद मी पान सेहेचाळीसमध्ये ठेवला.
ठेवण्याआधी एवढंच विचारलं,
खड्ड्यात पाय कायले सोडले होते त्यांनी?

"तसं बसल्याबिगर
त्यायले आठवत नाही, बाई."