घसारा

वाल्पाराइसोच्या टेकडीवर
आग विझून नऊ दिवस झालेले.
राखेत खुर्ची टाकून दोन्या क्लोरिंदा म्हणाल्या,
आता सांग, घसारा म्हणजे काय?

वस्तू वापरली की झिजते, मी म्हणालो,
झिजली की किंमत उतरते.
तुमचं टेबल एकतीस वर्षांचं,
कागदावर जवळजवळ शून्य.

त्याच्या कडेला खळगा होता, त्या म्हणाल्या,
रामीरो तिथं कोपर टेकून रेडिओ ऐकायचा.
तो गेल्यावर मी टेकायचे.
अजून थोडा खोल गेला असेल.
त्याची किंमत चढली की उतरली?

वजावट मात्र लगेच कळली त्यांना:
पहिलं नुकसान आपलं आपण सोसायचं.
पुढे, म्हणाल्या.

वारसाच्या रकान्यात अजून रामीरोच.
खोडू का?
खोड,
पण पेन्सिलीनं.