बॅटरी

ईराप्पाच्या दुकानात काचेखाली अठरा बॅटऱ्या निजलेल्या.
एकेक उठवून तो पुढ्यात उभी करतो.
"हे बघा अक्का, झूम. किल्ल्याच्या खंदकावरनं मारलं तर
पलीकडच्या झाडावरचं घुबड दिसतंय."

मला घुबड बघायचं नाही.
मला वस्तीच्या गाडीतून फाट्यावर उतरून
सव्वा कोस चालायचंय, चिरेमाळापर्यंत.
हॉस्टेलच्या मेसमधलं शेवटचं पातेलं पालथं घालून निघते मी,
आणि फाट्यापुढे खांब आहेत, तारा आहेत,
दिवे कुणाच्या तरी फायलीत आहेत.
फाईल कुठल्या भाषेत, ते विचारू नका.

"पाच नमुन्यांत पेटतंय," तो बटण दाबतो.
मोठा, बारका, लाल, लुकलुक, आणि एक असा
की दुकानातलं पोर डोळेच झाकून घेतं.
मी विचारते, गवा समोर आला
तर बारक्यावर यायला कितींदा दाबायचं?
तो मोजतो. चारदा.
चारदा दाबेस्तोवर गवा थांबत नाही, ईराप्पा.
एकच बटण असलेली दे.
अंगठ्याला न शोधता सापडेल असलं.

चार्जिंगची नको.
आमच्याकडे लाईट पाहुण्यासारखी येते,
चहा व्हायच्या आत उठते.
सेल घालायची दे. सेल गावात मिळतात,
गुरवाच्या दुकानात, मिठाच्या पुड्यांशेजारी.

"आणि बेळकु?" तो विचारतो. "पांढरा का हळदी?"
त्याच्या भाषेत उजेडाला बेळकु म्हणतात.
बेळगावात बेळकु घ्यायला आले, म्हणून मला हसू येतं.
त्याला येत नाही. त्याच्या जिभेवर दोन्ही शब्द
वापरून गुळगुळीत झालेत.

मी म्हणते, इथं नको. दिवसाढवळ्या
सगळ्याच बॅटऱ्या शहाण्या दिसतात.
गोदामात जमिनीवर सुतळी टाक, शेजारी कसली तरी नळी,
कुठं काय ते सांगू नको, आणि बाहेरून दार ओढ.

झूमवालीत रुपयाएवढी जागा दिसली, लांब, पोत्यावर.
माझे पाय कुठे होते कुणास ठाऊक.
पांढरीत सगळं धुऊन काढल्यासारखं,
सुतळी तशीच नळी, नळी तशीच फरशी,
आणि कडेबाहेरचा अंधार भिंत बांधल्यासारखा.

तिसरी हळदी, रुंद.
तिच्यात सुतळीचा पीळ दिसला.
नळीवरची धूळ दिसली.
आणि माझी पावलं,
साबणाच्या पाण्यानं पांढुरकी झालेली नखं,
एका चपलेचा अंगठा लाल दोऱ्यानं शिवलेला.
अंधारात निघायचं, अंधारात पोचायचं,
बऱ्याच दिवसांनी भेटली ती.

साडेतीनशे सांगितले, तीनशे दहाला दिली.
मनगटाची नाडी त्यानंच ओवली, दोनदा गाठ मारून.

फाट्यावर गाडीचा मागचा दिवा वळणापर्यंत लाल राहिला.
मग मी बटण दाबलं.
ओहळापाशी धुकं होतं.
हळदी उजेड त्यात चार पावलं आत गेला,
तेवढीच मला हवी होती.
करवंदीत काहीतरी खसफसलं.
मी उजेड खालीच ठेवला.
सासरे सांगायचे, रानाच्या डोळ्यांत मारू नको,
त्यांच्या घरातून जातोय आपण.

चढावर समोरून एक उजेड आला.
डावीकडे झुकायचा, थांबायचा, परत वर यायचा.
आमच्याकडे रात्री माणूस तोंडावरून ओळखत नाहीत.
हा जिव्बा, गुडघा मोडलेला,
मोटारीची करंट आली म्हणून उसाकडे निघालेला.
दोघांनी एकदमच उजेड खाली केले.

"नवी घेतलीस काय गं?"
"व्हय."
"कितीला?"
"सांगतो की. जरा थांब."

जमिनीवर त्याचा पांढरा, माझा हळदी,
एकमेकांत अर्धे शिरलेले,
आणि त्या मधल्या तुकड्यातून एक गोम
रस्ता ओलांडत होती,
इतके सगळे पाय, आणि घाई कसलीच नाही.