पोकळ वर्तुळ

दर पाच किलोमीटरला एक चौकोन.
चौकोनात झुडूप सापडलं तर एक टिंब.
आपसूक उगवलं असेल तर भरीव,
कुणी आणून लावलं असेल तर पोकळ.
एवढंच माझं काम. पगार सरकारी, बूट स्वतःचे.

क्रेस बेटाचं उत्तर टोक,
चौकोन क्रमांक एकशे सत्तेचाळीस.
चुनखडी, पुन्हा चुनखडी,
मेंढरांनी अंग घासून गुळगुळीत केलेली गडग्याची भिंत,
आणि भेगांत, जिथे चिमूटभर माती,
सेजची गुडघाभर झुडपं,
राखेत लोळून उठलेला हिरवा रंग.

वहीत लिहितो :
खोड बुडाशी लाकूड, शेंड्याकडे चौकोनी.
तुळशीचं कूळ, पुदिन्याचं कूळ,
चिमटीत फिरवलं की चारही कडा बोटांना लागतात.
पानं समोरासमोर, एक जोडी उभी तर पुढची आडवी,
म्हणजे कुणी कुणाचं ऊन अडवत नाही.
पानाला सुरकुत्या, सुरकुत्यांवर लव.
बुरा वारा डोंगरावरून कोसळतो, समुद्राचं मीठ भिरकावतो,
ते लवेवरच थबकतं.

"हे लिहायचे पैसे देतात तुला?"
पेरिना. वय एकोणऐंशी, कमरेला विळा,
अकरा पोळ्यांच्या पेट्या, त्यातल्या दोन रिकाम्या.
तिच्या बोलीत सेज म्हणजे कादुल्या.
तिने एक जांभळं फूल खुडलं,
गवताची काडी त्याच्या घशात सरकवली.
आतला दांडा तराजूसारखा कलला,
दोन पुंकेसर खाली वाकले,
काडीच्या पाठीवर पिवळी बोटं.
"पाहुणीला हळद लावल्याशिवाय
हे घर मध देत नाही."
मी नेमकं हेच पाच ओळींत लिहिलं होतं. खोडलं.

स्वयंपाकघरात नकाशा पसरला.
"कुठवर गेलीय ही?"
इस्त्रियापासून खाली, वेलेबिटच्या समुद्राकडच्या उतारावर,
दाल्मेशियाची बेटं, मॉन्टेनेग्रो, आल्बेनिया,
टिंबांची माळ किनाऱ्याचं बोट सोडत नाही.
मग एकदम आत, पार सर्बियात,
निशजवळच्या घळीत टिंबांचा एकटाच पुंजका.
तिथवर ती कशी पोचली, यावर दोन मतं आहेत.

"आणि ह्याच्या बाहेर?"
बागांतून जगभर, मी म्हटलं. बागा मी मोजत नाही.

मग तिने येरकोचं सांगितलं.
सत्तावन्न साल, रात्रीची होडी, आधी इटली, मग चिली.
कोटाच्या अस्तरात कादुल्याचं बी.
एका फुलात चार दाणे धरतात,
पण टपोरे काळे होतात एखाद-दुसरेच.
तिने दिव्यापाशी बसून निवडून दिले होते.
आंतोफागास्ता. तिथे म्हणे पाऊस ठाऊकच नाही.
येरकोने मासळीच्या डब्यात रोप वाढवलं,
भांडी विसळलेल्या पाण्यावर.
तिसऱ्या वर्षी पत्र :
'नोव्हेंबरात फुललं, तुमचं उलटं.
इथे त्याला उघडता येणारी माशी नाही.
मी काडेपेटीतली काडी वापरली.'

"दाणे धरले?"
"पुढचं पत्र त्याच्या बायकोचं. त्यात झाडाचं काही नव्हतं."

सेजचा चहा कडू होता, वर तिचाच मध.
"येरकोच्या डब्याला टिंब कुठलं?"
पोकळ, मी म्हटलं, पण नकाशा इथेच संपतो, आणि शिवाय,
कुणीतरी जाऊन बघून यावं लागतं.
"हं," ती म्हणाली.

एकशे सत्तेचाळीसमध्ये मी भरीव टिंब दिलं.
गडग्याच्या कडेने झुडपं
इतकी ओळीत कशी, हे विचारलं नाही.

नकाशा गुंडाळला. तिने कप उचलला,
टेबलाच्या अगदी कडेला ठेवलेला.
मेणकापडावर ओलं गोल उमटलं होतं.
पेरिनाने फडकं घेतलं,
आणि तेवढं सोडून
बाकीचं टेबल पुसलं.