बुढीच्या वावराचा पत्ता

बेबीनंदानं डबा मागितला तेव्हा म्हटलं,
बिस्किटाचा ने, पत्रा गंजला आहे, कोणी चोरणार नाही.
तिनं नेलपेंटनं झाकणावर लाल अधिक काढला
आणि मोटारघरात स्टार्टरशेजारी खिळा ठोकला.
आत सुती पट्ट्या, गोल टोकाची कात्री,
साबणाची वडी, बॅटरी,
सेल निराळे, कागदात गुंडाळलेले,
आणि संत्र्याच्या खोक्यातून काढलेल्या दोन फळ्या,
घासून घासून गुळगुळीत.
"हाड मोडलं त बांधाले."
मी हसलो. हाडं मोडाले फुरसत कोनाले हाय?

भिंतीवर गेरूनं लिहिलं तिनं:
फवारा अंगावर सांडला, आधी कपडे काढा, लाज मागून.
बाटली दवाखान्यात सोबत न्या.
शॉक लागला, माणसाला शिवू नका, मेन पाडा.
साप चावला, चिरू नका, चोखू नका, आवळू नका.
पायातलं, हातातलं काढा. चालू नका.

मग पत्ता. इथं ती अडली.
घराला नंबर असतो, वावराला नुसतं नाव.
आमचं बुढीचं वावर. कोणत्या बुढीचं,
माझ्या बापालाही ठाऊक नव्हतं.
एकशेआठच्या ड्रायव्हरला बुढी कशी सांगायची?
रविवारभर ती धुऱ्याधुऱ्यानं हिंडली.
काटोल रोड. जिनिंगचं बंद फाटक, तिथून उजवीकडे.
निळी टाकी. टाकीनंतर तिसरा धुरा.
रेंज फक्त विहिरीच्या ओट्यावर,
म्हणून ओट्यावर चुन्यानं दोन पावलं काढली.
सुकलाल उइके, त्याची बायको, त्यांची नऊ वर्षांची रामकली,
सगळ्यांकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं.
मला नाही. मला काय, माझंच वावर.

मे महिना, लाइन रात्रीची.
बेबीनंदा नरखेडला लग्नात.
दांडाचं तोंड फोडताना घोट्याला काही लागलं,
काटा म्हणावा एवढंच.
मग बॅटरीच्या उजेडात दोन थेंब.

सुकलालनं मला आहे तिथं निजवलं,
संत्र्याची फळी पायाला लावली,
आणि मायनं दृष्टीसाठी बांधलेला काळा दोरा
कात्रीनं कचकन कापला.
ओट्यावर, चुन्याच्या पावलांत न मावणारी,
त्यांच्या मधोमध उभी रामकली,
माझा फोन दोन्ही हातांनी धरून:
"टाकीनंतर तिसरा धुरा.
दुसरा नाही जी. तिसरा.
माझा बाप बॅटरी घेऊन उभा हाय."
माझ्या वावराचा पत्ता मी पहिल्यांदा ऐकला,
उताणा पडून.

तान्ह्या पोळ्याला नागपुरात मारबत निघते,
ईडा पीडा घेऊन जा, म्हणून लोक ओरडतात.
बेबीनंदा त्या दिवशी डबा उतरवते,
तारखा वाचते, जुनं काढते, नवं भरते.
यंदा कात्रीच्या पात्यात काळा धागा अडकलेला.
तिनं तो नखानं ओढून काढला,
बोलली काहीच नाही.
गेरू कालवला.

"टाकीले हिरवा रंग मारला पंचायतीनं.
बदलाव लागते."

मी फडकं ओलं केलं,
भिंतीवरची निळी पुसायला घेतली.
लवकर जाईना.