एवढी वाफ लागत नाही

सदरच्या टॉकीजमध्ये तेव्हा मी टॉर्च धरायचो.
सकाळच्या खेळाला लढाईच्या काळातला इंग्रजी सिनेमा,
काळा-पांढरा, प्रिंट इतकी झिजलेली
की लंडनमध्ये छताखालीही पाऊस पडायचा.
हेर होता त्यात एक, कॉलर वर केलेला.
पुढच्या बाकांवरच्या पोट्ट्यांना भाषा कळत नव्हती,
पण फितूर कोण ते दुसऱ्या रिळालाच ओरडून सांगायचे
आणि बहुतेक बरोबर सांगायचे.

एच रांग, कडेची खुर्ची, यादोराव लांजेवार.
धोतर, कोट, पोस्टाची पेन्शन.
आठवडाभर रोज आले, रोज एकाच ठिकाणी उठले:
ती बाई किटलीच्या तोंडाशी पाकीट धरते,
पडदाभर वाफ, व्हायोलिनं किंचाळतात,
डिंक सुटतो.
तेवढं बघून ते चपला शोधायचे
आणि मी त्यांच्या पायाशी उजेड पाडायचो.

गुरुवारी, शेवटच्या दिवशी, विचारलंच मी:
काहून जी, पुढचं नाही पाहायचं? पुढं तर पूल उडते.

म्हणाले, एवढी वाफ लागत नाही.

मग बाहेर, सायकल स्टँडच्या पत्र्याखाली:
त्रेचाळीस साल. पोस्टाची मागली खोली.
आम्ही चौघं, आणि टेबलाला सुतळीनं बांधलेली कातरी.
वाळ्याच्या ताट्या, त्यावर पाणी मारणारा पोरगा,
घाम पत्रावर पडू नये म्हणून मनगटाला रुमाल.
धुकं कुठलं बाबू, भर उन्हात चालायचं आमचं.
आणि चोरून थोडंच उघडत होतो?
सरळ कापायचं, वाचायचं, पट्टी चिकटवून शिक्का मारायचा.
गावाचं नाव आलं, काप. जहाज आलं, काप.
मराठी पत्रं माझ्याकडं.

काटोलकडचा एक शिपाई होता.
(नाव नाही सांगितलं. शपथ घेतली होती म्हणाले,
ती परत कशी करतात कुणी शिकवलं नाही.)
बायकोला लिहिलं होतं त्यानं:
*इथं संत्री आहेत. साल जाड, आपल्या झाडांची सर नाही.
पण वास आला की वाटतं, तू बांधावर उभी आहेस.*

आता सांग, वाळवंटाच्या कडेला संत्री कुठं पिकतात?
साहेबाजवळ नकाशा होता, माझ्याजवळ अक्कल.
संत्री म्हणजे बंदर. बंदर म्हणजे पलटण.
कापली ओळ.
वास खालच्या ओळीत होता, तो ठेवता आला असता.
पण हात चालू होता, तीही गेली.
कागदामागं बैलाच्या भावाचं काहीतरी लिहिलं होतं,
तेही गेलं.

पत्र पोचलं असेल तिला, मधे खिडकी पडलेलं.
वर *खुशाल आहे*, खाली *तुझा*.

पट्ट्या संध्याकाळी मोजून जाळायच्या.
त्या दिवशी एक कमी भरली.
साहेबाला वाटलं, मोजण्यात चूक.

मी म्हटलं, मग ती पट्टी?
त्यांनी कोटावर, डाव्या बाजूला, हात ठेवला.
तिथं खिसा होता की कळ आली होती,
मला अजून ठरवता येत नाही.

दोनदा गेलो काटोलला, म्हणाले, लढाई संपल्यावर.
पत्ता पाठ होता. स्टँडवर चहा पिऊन परत.
कोण म्हणून जायचं दारात?

आत पूल उडाला. शिट्ट्या, खुर्च्यांची आदळआपट.
ते कुलूप काढत होते. वाकूनच विचारलं,
फितूर कोण निघते रे शेवटी?
तीच जी. किटलीवाली.
पकडतात तिला?
हाव.

चांगलं आहे, म्हणाले,
आणि टांग मारून रेसिडेन्सी रोडनं निघाले,
बाराच्या उन्हात, सावलीची बाजू रिकामी असताना
उन्हाच्या बाजूनं.

शुक्रवारी सिनेमा बदलला. कुस्त्यांचा होता.
एच रांगेत त्या दिवशी एक जोडपं बसलं,
शेंगा खात.