सात चाळीस ते सात एकावन्न

आमच्या स्वयंपाकघरात ऊन येतं ते अकरा मिनिटांपुरतं.
सात चाळीसला फ्रीजच्या दारावर उतरतं,
एकावन्नला समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी
ते गिळून टाकते.
नोव्हेंबरभर मी त्याच्यावर पाळत ठेवली आहे.

मला उजेडातलं कळतं.
सहा वर्षं कॅनडा कॉर्नरच्या एका स्टुडिओत
मी दुसऱ्यांची पोटं दुरुस्त केली.
गंगापूर धरणाच्या काठावर बायका
भाड्याचे लांब गाऊन वाऱ्यावर सोडून उभ्या राहायच्या,
नवरे गुडघ्यावर बसून पोटाला कान लावायचे,
आणि रात्री ती सगळी वरात माझ्या स्क्रीनवर यायची.
खैरनारसर म्हणायचे,
रेषा काढ, बेंबी आत घे, मागची म्हैस काढ.
मी काढायचे.
म्हशीचं मात्र वाईट वाटायचं.

माझ्या डोहाळजेवणाचे दोनशे चौदा फोटो आहेत.
पुठ्ठ्याच्या चंद्रावर बसलेली मी,
थर्माकोलचं धनुष्य ताणणारी मी,
झाकलेली वाटी उघडणारी मी.
बर्फी निघाली तेव्हा रविकांतची आत्या म्हणाली,
नीट बघ, दुसरी उघड.
तोही फोटो आहे.
पोट एकातही नाही.
हार, गजरे, हिरवा शालू, ओटीचा नारळ.
तू सगळ्यांच्या मागे.

म्हणून आज.
रविकांत सातपूरची रात्रपाळी करून आत झोपलाय.
हाक मारली असती तर उठला असता,
आणि म्हणाला असता, हस ना जरा.
नकोच ते.

तांदळाचा डबा, त्यावर पोळ्यांचा डबा,
त्यावर उपडं मिक्सरचं भांडं,
लोणच्याच्या बरणीला टेकवून फोन.
कपड्यांच्या दोरीवर चादर, चार चिमटे,
पाचवा तुटला.
टायमर दहा सेकंद.
आठव्या महिन्यात दहा सेकंद म्हणजे
चार पावलं आणि एक वळण,
वळणाशी कंबर धरते.

पहिल्यात फक्त कोपर.
दुसऱ्यात डोळे मिटलेले.
तिसऱ्यात ऊन बरोबर पोटावर,
आणि डोकं चौकटीच्या बाहेर.
चौथ्याला बटण दाबलं
आणि बेल वाजली.

गॅसवाला.
मी शाल गुंडाळून दार उघडलं.
सोमनाथने चादर पाहिली, डब्यांचा मनोरा पाहिला,
माझ्याकडे पाहिलं नाही.
तुम्ही वाकू नका ताई, म्हणाला,
सिलिंडर आत आणला, सील फोडलं,
फेस लावून वास घेतला, सावकाश,
जणू आज त्याच्याकडे एकच घर आहे.
जाताना रिकामा खांद्यावर टाकत म्हणाला,
आमच्या हिचे राहूनच गेले.
मी सुट्टे पैसे शोधत होते.
मान वर केली तेव्हा
टाकीने ऊन घेतलेलं होतं.

तरी एक काढला.
डबे आवरायच्या आधी, उगाच, चिडून.
भिंत राखाडी. हनुवटी दोन.
मी खाली बघतेय,
कारण नेमकी तेव्हा तू कूस बदललीस
की टाच मारलीस, देव जाणे.
बेंबीखालची काळी रेघ सरळ निघते
आणि आमच्या पाथर्डी फाट्यासारखी
अचानक डावीकडे वळते.
दोन्ही बाजूंना त्या रेषा,
ज्यांचे मी शंभर रुपये जास्त लावायचे.

बोट सवयीने तिथे गेलंच.
मोठं करून पाहिलं.
ब्रश, हलका हात, अर्ध्या मिनिटाचं काम.

फोन पालथा घातला.
नव्या सिलिंडरवर चहा ठेवला.
दूध वर येईपर्यंत पुन्हा एकदा पाहिला.
डाव्या कोपऱ्यात तो सिलिंडर आलाय,
लाल, अर्धा.
राहू दे.
म्हैस असती
तरी ठेवली असती.