शुद्धिपत्र

खणभागातल्या छापखान्यात मी खिळे जुळवायचो,
संस्थान विलीन व्हायच्या आधीची दोन वर्षं.
अक्षरं उलटी वाचायची खोड तेव्हाची;
अजून लग्नपत्रिका हातात आली
की डोळे उजवीकडून निघतात.

हुपरीकर जकात नाक्यावर कारकून.
रात्री रहस्यकथा लिहायचे, महिन्याला एक, चार आणे.
मुखपृष्ठावर पिस्तूल, पिस्तुलातून धूर.
धुराचा ठसा आमच्याकडे एकच.
मागल्या महिन्यात तोच चहाच्या जाहिरातीत
कपावर तरंगत होता.

या खेपेला रेसची गोष्ट होती.
रेस त्यांनी पाहिली नव्हती. पुण्याला एकदाच गेलेले,
साडूच्या मुलाच्या मुंजीला, आणि तो बुधवार होता.
म्हणून रोज संध्याकाळी मिरज स्टेशनबाहेर
दस्तगीरच्या टांग्यात जाऊन बसायचे,
कुठेही जायचं नसताना.
उभ्या टांग्याचं भाडं एक आणा, मोजून.

घोडी पुण्याची. पाय दुखावला, लिलावात निघाली.
तिकडे नाव लेडी पर्ल,
इकडे आल्यावर परली.
दस्तगीर बोलायचा, हे पावत्यांच्या पाठीवर टिपायचे:
सुटायच्या आधी कान कुठे जातात,
हरलेल्या घोड्याला पाणी कोण पाजतं,
टाळ्या ऐकलेलं जनावर
बाजारात भांडं पडलं तरी मान का वर करतं.

चौथ्या फर्म्याला घ संपले.
इतके घोडे आमच्या केसमध्ये कधी धावले नव्हते.
मालक म्हणाले, अश्व लाव.
मग काही पानांवर अश्व, काहींवर वारू;
एका ठिकाणी मी नुसतं 'जनावर' जुळवलं,
हुपरीकरांना ते आवडलं.

पुस्तक निघालं तसा दस्तगीर छापखान्यात आला,
पदरचे चार आणे दिले, म्हणाला, वाच.
दुपारच्या सुट्टीत पायरीवर बसून मी वाचत गेलो.
त्याची परली त्यात होती, नावानिशी,
तिच्या कपाळावरचा तिरका टिळासुद्धा.
तो हसायचा, मांडीवर थाप मारायचा.
सातव्या प्रकरणात तिला विष घालतात.
मला ती ओळ गाळता आली असती.
पण ओळ गाळली की पगार कापायचे,
हात तसेच घडलेले, आणि जीभही.
'पहाटे तबेल्यात परली मेली.'

तो भांडला नाही.
पुस्तक माझ्या हातातच ठेवून उठला.
त्या संध्याकाळी, मोकळा टांगा समोर असताना,
हुपरीकरांना म्हणाला, गाडी लागलेली आहे मास्तर.
दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी एवढंच,
"शेठला मारायचं की. तिनं कुणाचं काय खाल्लं होतं?"

हुपरीकर मिरजेहून चालत आले, सहा मैल,
धुळीने पांढरे, आणि मालकांपुढे चिठ्ठी ठेवली.
आठ प्रती विकलेल्या. उरलेल्यांत
मी आणि मालकांची थोरली मुलगी, गव्हाची खळ घेऊन,
रात्रभर बोटभर कपटे चिकटवत बसलो:
पान ९३, ओळ ११. 'मेली' च्या जागी 'निजली' असे वाचावे.

त्यामुळे पुढची साठ पानं
डिटेक्टिव्ह एका झोपलेल्या घोडीचा खुनी शोधत हिंडतो.
पंचनामा होतो. जॉकी रडतो. शेठ पकडला जातो.
एकाही वाचकाचं पत्र आलं नाही.
कपटा दस्तगीरला वाचून दाखवला, दोनदा,
कारण पहिल्यांदा तो परलीचा खरारा करत होता.
"मग उठंल," म्हणाला, आणि ब्रश हापटून झाडला.

पुढे मी कोल्हापूरला गेलो, मोठ्या छापखान्यात.
खरी परली कधी गेली मला माहीत नाही.
हुपरीकरांनी रेसवर पुन्हा लिहिलं नाही; दरोडे, एक भूत,
मग बदली होऊन तासगाव.

एक प्रत माझ्याकडे आहे.
कसरीला खळ गोड लागते,
कपटा गेला, त्याची पिवळी चौकट उरली.
नातू परवा ते पान वाचत होता.
मी म्हटलं, थांब,
अकराव्या ओळीत चूक आहे.